डोंगरातनं येणारा दगड-चिखलाचा लोंढा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पाटण तालुक्यातली, कराडला ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. जुलै २०२१ च्या पावसात आमच्या तालुक्यात डोंगर खाली आले, त्यानंतर गावाकडनं, पाहुण्यांकडनं आणि जुन्या विद्यार्थ्यांकडनं सारखे तेच तेच प्रश्न येतात, फोनवर प्रत्येकाला परत सांगताना काहीतरी सुटतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई आणि तिकडं शिराळ्याचा डोंगरी भाग, इथल्या लोकांना डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय.

हा लोंढा म्हणजे नक्की काय? दरड कोसळणं आणि हे एकच का?

एकच नाही. दरड म्हणजे उतारावरचा एक तुकडा सुटतो आणि खाली येऊन थांबतो, रस्त्यावर पडला तर जेसीबीनं बाजूला करतात. पण तोच तुकडा जर पाण्यानं गच्च भरलेला असेल आणि खाली ओढा किंवा घळ असेल तर तो थांबतच नाही, दगड माती झाडं पाणी सगळं एक होऊन ओल्या काँक्रीटसारखं वाहायला लागतं. शास्त्रज्ञ त्याला डेब्री फ्लो म्हणतात, आमच्याकडं "डोंगर फुटला" म्हणतात आणि मला आमचाच शब्द जास्त बरोबर वाटतो. पुढं मी नुसतं लोंढा असं लिहीन.

आम्ही सांगलीचे, आम्हाला पूर काय नवीन नाही. मग यात एवढं वेगळं काय?

वेगळं म्हणजे वेळ. कृष्णेचा पूर फुटाफुटानं चढतो, आयर्विन पुलाखाली ४० फूट झालं की इशारा, ४५ फूट झालं की धोका, मधल्या वेळात माणसं सामान वर टाकतात, जनावरं हलवतात, रात्रभर मोबाईलवर आकडे बघत बसतात. लोंढ्यात असला वेळ मिळत नाही. वरनं सुटल्यापासून वाडीपर्यंत यायला कधी पाच मिनिटं तर कधी एकच. आणि दुसरं, पुराचं पाणी घरात शिरतं, लोंढा घर घेऊन जातो. त्यामुळं "पाणी बघून ठरवू" ही सांगलीची सवय डोंगरात चालत नाही, तिथं पाऊस बघून ठरवावं लागतं, ओढ्याचं पाणी बघेपर्यंत उशीर झालेला असतो.

एवढी ताकद येते कुठनं? शेवटी पाणीच ना ते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट वजन. साध्या पाण्याचा एक घनमीटर म्हणजे एक टन. लोंढ्यात निम्म्याहून जास्त भाग दगडमातीचा असू शकतो, मग तोच घनमीटर दोन टनांच्या आसपास जातो. दुसरी गोष्ट वेग, आणि वेगाचं गणित असं की तो दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही तर चौपट होतो, कारण वेगाचा वर्ग घ्यावा लागतो. आता धरा की ओढ्याचं साधं पाणी सेकंदाला २ मीटरनं येतंय, त्याचा रेटा दर चौरस मीटरला साधारण ४०० किलो. लोंढा दोन टन घनतेचा आणि सेकंदाला ६ मीटर वेगाचा धरला तर तोच आकडा सात टनांच्या वर जातो, म्हणजे अठरापट. घराचा दरवाजा दोन चौरस मीटरचा धरला तर नुसत्या दारावर चौदा टन. आणि ६ मीटर म्हणजे काही फार नाही, उतार खडा असेल तर १० मीटर आणि त्याच्याही पुढं वेग जातो.

यात अजून दगडांची टक्कर धरलेलीच नाही. आपला काळा पाषाण घनमीटरला २.९ टनांच्या आसपास भरतो. साध्या पाण्यात बुडवला की तो १.९ टनाचा वाटतो, पण दोन टन घनतेच्या चिखलात तोच ०.९ टनाचा होतो, म्हणजे मूळ वजनाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. म्हणून खोलीएवढे धोंडे लोंढ्यावर तरंगत आल्यासारखे दिसतात. बघणारी माणसं सांगतात "धोंडा वरनं वाहत आला" आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटत नाही, पण ते अगदी खरं असतं.

मोठे दगड नेहमी पुढंच का असतात?

चिवड्याचा डबा हलवून बघा, शेंगदाणे वर येतात आणि बारीक चुरा खाली जातो. लोंढ्यात तेच होतं, हलता हलता मोठे धोंडे वर येतात, आणि वरचा थर तळाच्या थरापेक्षा जोरात पळतो म्हणून ते पुढं जाऊन तोंडाशी जमतात. त्यामुळं लोंढ्याचं तोंड म्हणजे दगडांची चालती भिंत असते आणि तिच्या मागं पातळ चिखल कोंडलेला असतो. कडेला ढकललेले धोंडे दोन्ही बाजूंना बांधासारखे रचले जातात. लोंढा गेल्यावर ओढ्याच्या दोन्ही काठांना असे दगडांचे बांध दिसले तर समजायचं की हा पूर नव्हता.

पण घट्ट माती एकदम पातळ कशी होते?

भातलावणीच्या आधी चिखलणी केलेल्या खाचरात उभं राहिलाय ना? वरनं जमीन दिसते, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. मातीच्या कणांमध्ये पाणी कोंडलं, त्याला बाहेर जायला वाट नाही, मग वरचं वजन कणांऐवजी ते पाणीच तोलायला लागतं आणि कण एकमेकांना धरून ठेवायचे सोडून देतात. डोंगरात हेच होतं फक्त उतारावर. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये ९५ मीटर लांबीचा काँक्रीटचा घसरता पाट बांधलाय, त्यात वरनं ओली वाळू-खडी सोडून हे कोंडलेल्या पाण्याचं गणित मोजतात.

आपल्याकडं रचना पण तशीच आहे. वर पठारावर जांभा, जो पाणी पितो, त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी चिकण मातीचा थर आणि त्याच्याखाली काळा पाषाण, जो पाणी सहजासहजी आत घेत नाही. पाणी वरनं मुरतं आणि खाली जाऊन अडतं. त्यात उतारावरचा मुरूम-मातीचा थर फार जाड नसतो, तो अख्खाच भिजतो.

२०२१ ला नक्की काय झालं होतं?

२२ आणि २३ जुलै २०२१. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. आपल्या सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात दहिवडीकडं अख्ख्या वर्षात साधारण ५०० मिमी पडतो, म्हणजे माणच्या वर्षाभरापेक्षा जास्त पाऊस महाबळेश्वरला एका दिवसात. गुंठ्याच्या हिशोबात सांगते म्हणजे पटकन कळेल : ५९४ मिमी म्हणजे एका गुंठ्यावर जवळजवळ ६० हजार लिटर, दहा हजार लिटरचे सहा टँकर. डोंगराच्या प्रत्येक गुंठ्यावर सहा टँकर, एका दिवसात. त्या दोन दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला, माणसं गेली. त्याच काळात रायगडात तळिये गेलं.

त्या रात्री मी आईकडं वाडीवर होते. लाईट नव्हती, रेंज नव्हती, आणि ओढ्यातनं दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता, जमिनीतनं येतो तसा, कानापेक्षा पायाला आधी कळायचा. आम्ही आठ घरं मिळून वरच्या अंगाला शाळेत जाऊन बसलो. आमच्या वाडीला काही झालं नाही. पण तो आवाज काय होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, भूगोल शिकवत असूनही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. हे सगळं लिहायचं खरं कारण तेच आहे.

माळीण आणि वायनाड पण असंच होतं का?

माळीण ३० जुलै २०१४ ला झालं, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात. दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेर कळलं कसं तर एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडमधे पुंचिरीमट्टम, मुंडक्कई, चूरलमला. माळीणला डोंगराचा उतार थेट गावावर आला, तर वायनाडमधे वर सुटलेलं नदीच्या पात्रातनं साधारण ८ किलोमीटर वाहत गेलं. "डोंगर आमच्यापासनं लांब आहे" असं म्हणणाऱ्यांनी हा ८ किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवा. डोंगर लांब असला तरी ओढा दारात असतो.

असा लोंढा कुणी जवळनं मोजलाय का?

हो, आणि वर्षानुवर्षं. स्वित्झर्लंडमधे व्हॅले नावाचा प्रांत आहे, तिथं इलग्राबेन नावाची घळ ऱ्होन नदीला येऊन मिळते. साधारण १० चौरस किलोमीटरचा परिसर, वर ठिसूळ कडे, आणि वर्षाला चार-पाच लोंढे सहज येतात. १९६१ ला तिथं वर मोठा कडा कोसळला, त्यानंतर घळीत एकामागोमाग एक असे तीसेक बंधारे घातले. २००० सालापासून तिथली सरकारी संशोधन संस्था हे लोंढे मोजतेय. पात्राच्या तळात आठ चौरस मीटरची पोलादी प्लेट बसवलीय, म्हणजे समजा मोठा वजनकाटाच, लोंढा तिच्यावरनं गेला की खाली दाबणारं वजन किती आणि पुढं ओढणारा जोर किती दोन्ही कळतं. वरनं लोंढ्याची उंची मोजतात, उंची आणि वजन मिळालं की घनता निघते. बंधाऱ्यांवर जमिनीची थरथर पकडणारे जिओफोन आहेत, वरच्या जिओफोनला कधी कळलं आणि खालच्याला कधी, यातनं वेग मिळतो. आणि २००७ पासून त्याच थरथरीवर चालणारी इशारा यंत्रणा आहे, लोंढा वर सुटला की खाली लोक जिथं पात्र ओलांडतात तिथं दिवे आणि भोंगे.

मला यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एवढ्या यंत्रणेत माणूस कुठंच पात्रात उभा नाही. जे बघायचं ते यंत्र बघतं आणि माणूस लांब वर बसतो.

चीनच्या युनान प्रांतात जियांगजिया नावाची घळ आहे, तिथंही १९६० च्या दशकापासून हे काम चाललंय, एका लोंढ्यात मागनं मागनं अनेक लाटा येतात हे तिथं फार स्पष्ट दिसतं.

आपल्या ओढ्यावर असं काही करता येईल का?

जिओफोन नाही पण बरंच काही करता येतं, आणि पैसे लागत नाहीत.

पाऊस मोजा. सरळ बाजूंचा कुठलाही डबा, वरचं तोंड आणि तळ सारखा असलेला, उघड्यावर ठेवायचा, छपराच्या पागोळ्या आणि झाड यांच्यापासनं लांब, आणि रोज सकाळी ८.३० ला पट्टीनं मोजायचा कारण हवामान खात्याचा दिवस पण तेव्हाच संपतो. ६४.५ मिमीच्या पुढं मुसळधार, ११५.६ च्या पुढं अति मुसळधार, २०४.४ च्या पुढं अत्यंत मुसळधार. आधीच्या आठवड्याची बेरीज पण लिहून ठेवा, कारण कोरड्या डोंगरावर १५० मिमी आणि आठ दिवस भिजलेल्या डोंगरावर १५० मिमी यात फार फरक आहे.

दगड रंगवा. मे महिन्यात ओढ्यातले दहा-पंधरा मोठे धोंडे निवडायचे, ऑइलपेंटनं नंबर टाकायचा, टेपनं मोजायचं, आणि ठरलेल्या एकाच जागेवरनं फोटो काढायचा. दिवाळीनंतर परत जाऊन बघायचं कुठला हलला, कुठला गायब, किती लांब गेला. वजनाचा अंदाज सोपा आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची मीटरमधे, आणि त्याला दीडनं गुणायचं, गोलसर धोंड्यासाठी साधारण टन मिळतात. माझ्या विद्यार्थ्यांनी हे केलं तेव्हा त्यांना आपल्या ओढ्याची ताकद जी कळली ती मी वर्गात दहा तास बोलून कळली नसती.

आणि वळणावर खुणा बघा. लोंढा वळताना बाहेरच्या काठावर उंच चढतो, आतल्या काठावर खाली राहतो. झाडांच्या सालीवरचा चिखल, सोललेलं खोड, यावरनं दोन्ही काठांची उंची मोजायची, फरक जेवढा जास्त तेवढा वेग जास्त. अभ्यासक लोंढा गेल्यावर याच खुणेवरनं वेग काढतात. हे सगळं फक्त उघडीप झाल्यावर, पावसात नाही.

लोंढा येताना बघायचा असेल, व्हिडिओ काढायचा असेल तर कुठं थांबावं?

मुद्दाम जाऊ नका. खरंच सांगते, हा प्रश्न तरुण पोरंच विचारतात आणि मला त्यांची काळजी वाटते. साकवावर उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण लोंढ्यातली झाडं साकवाला अडकतात, मागं तुंबतं आणि मग साकवासकट सगळं सुटतं. वळणाच्या बाहेरच्या काठावर तर कधीच नाही. तुम्ही आधीच ओढ्यापासनं बाजूला, उंच, भक्कम कातळाच्या धारेवर असाल आणि तिथनं दिसलं तर दिसलं.

अजून एक, पहिला लोंढा गेला की लोक बघायला खाली उतरतात, बॅटऱ्या घेऊन, कुणाचं काय गेलं बघायला. दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

आधी काही कळतं का?

बऱ्याचदा कळतं, पण ओळखता आलं पाहिजे. उतारावर चंद्रकोरीसारख्या भेगा. जिथं कधी नव्हते तिथं उपळे फुटणं, किंवा नेहमीच्या झऱ्याला एकदम गढूळ पाणी येणं. झाडं, लाईटचे पोल वाकडे होणं. दारं-खिडक्या अचानक लागेनाशा होणं. ताज्या मातीचा आणि तुटलेल्या मुळ्यांचा वास. जमिनीतनं गडगड, जशी लांबनं मालगाडी येतेय.

आणि सगळ्यात फसवी खूण : धो धो पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं. लोकांना वाटतं उतरलं बुवा पाणी, झोपा आता. पाणी उतरलेलं नसतं, वर दरड पडून अडलेलं असतं. असं दिसलं की त्या क्षणाला निघायचं.

निघायचं म्हणजे कुठं?

ओढ्याला आडवं. खाली पळायचं नाही, लोंढा तुमच्यापेक्षा जोरात पळतो. ओढ्यापासनं बाजूला आणि चढावर, पण भेगा पडलेल्या उताराखाली नाही. ही जागा उन्हाळ्यात ठरवून ठेवा, म्हाताऱ्या माणसांना एकदा चालवून आणा. जनावरांची दावी रात्री सोडून ठेवा, त्यांना आपल्याआधी कळतं असं आमची आई म्हणते, ते शास्त्रानं किती खरं यावर मी बोलत नाही पण दावं सोडलेलं जनावर निदान पळू तरी शकतं. फोन ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७.

कोयनेच्या भूकंपांनी डोंगर खिळखिळे झालेत म्हणून हे होतं का?

११ डिसेंबर १९६७ चा भूकंप मोठाच होता आणि तेव्हा जमिनीला भेगाही पडल्या होत्या, हे आमच्या आजीच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्या धक्क्यानं उतार कमजोर होऊ शकतात. पण २०२१ ला डोंगर सुटले ते पावसानं. धक्का बसला नाही म्हणजे सुरक्षित, असं समजू नका.

समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब खड्डे) खोदले तर पाणी अडेल आणि धोका कमी होईल ना?

इथं मला स्पष्ट बोलायचंय. माण-खटावला चरांनी चांगलं काम झालंय, तिथं पाऊस कमी, पाणी मुरवणं हीच गरज. तेच डिझाईन उचलून कोयनेच्या खोऱ्यात खड्या उतारावर करणं चूक आहे. इथं आधीच गच्च भिजलेल्या उतारात आपण अजून पाणी मुरवतो. इथं पाणी लवकर आणि सरळ बाहेर काढायची गरज आहे. तसंच जेसीबीनं उतार कापून सपाटीकरण, माळीणनंतर यावर भरपूर चर्चा झाली. उताराचा पाया कापला की वरचं कशावर टेकणार? रस्ता काढताना निघालेली माती घळीत लोटून देतात तेही तसंच, तो पुढच्या लोंढ्यासाठी साठवलेला माल आहे.

झाडं? लावा, मुळ्या वरचा थर धरून ठेवतात. पण सरकण्याची पातळी मुळ्यांच्या खाली असेल तर झाडांसकट येतं, तेवढ्यावर विसंबू नका.

आमच्या वाडीला धोका आहे का ते कुठं बघायचं?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं भूस्खलनप्रवण भागांचे नकाशे केलेत, आणि २०२४ पासून त्यांचं भूसंकेत नावाचं पोर्टल आहे. ते बघा. पण नकाशा तालुक्याच्या मापाचा असतो, तुमच्या परड्याच्या मापाचा नाही, त्यामुळं स्वतः फिरून बघणं सुटत नाही.

आमचा आजा-पणजा इथंच राहिला, कधी काही झालं नाही. मग आता का होईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रागानं विचारला जातो, आणि तो राग मला समजतो, कारण घर सोड म्हणणं सोपं नसतं.

एकाच ओढ्यात दोन मोठ्या लोंढ्यांमधे शंभर वर्षं जाऊ शकतात, दोनशे पण. माणसाच्या आठवणीपेक्षा ते जास्त आहे. पण जमीन विसरत नाही. वाडी नेहमी कुठं वसते बघा, डोंगर संपून ओढा जरा सपाटीला येतो तिथं, पंख्यासारख्या पसरलेल्या जागेवर, कारण तिथं जमीन सपाट, माती चांगली, पाणी जवळ. ती सपाटी बऱ्याचदा जुन्या लोंढ्यांनीच आणून टाकलेली असते, उतार कमी झाला की लोंढा तिथंच पसरून थांबतो.

तपासायचं असेल तर घराजवळच्या विहिरीत डोकावा, किंवा पायाचा खड्डा खणताना आजूबाजूला काय निघालं ते म्हाताऱ्यांना विचारा. नदीनं आणलेला गाळ थराथरांत असतो, वाळू वेगळी, गोटे वेगळे, आणि गोटे गुळगुळीत. लोंढ्यानं आणलेल्यात थर नसतात, मुठीएवढे आणि म्हशीएवढे दगड एकाच चिकण मातीत उभे-आडवे कसेही रुतलेले, कोपरे न झिजलेले. आमच्या वाडीच्या जुन्या विहिरीत दहा हाताखाली असाच एक थर आहे, मी लहानपणी त्याच धोंड्यावर पाय देऊन पाणी शेंदायचे.